शिराझच्या नोंदी : सहावी बाटली आणि मिरीचा वास

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की शिराझमधली, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या रेड वाइनमधली, मिरी (तिचा तो वास) मला अजून सापडलेली नाही. शुक्रवारी सापडली.

आधीच्या पाच बाटल्यांत चूक तापमानाची होती. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आमच्या कुडाळात डिसेंबरच्या संध्याकाळीही घरात २७-२८ अंश असतात. एवढ्या उबेत अल्कोहोलच आधी नाकात शिरतं आणि बाकीचे वास मागे पडतात. या वेळी बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवली. ओतताना थर्मामीटर १७ दाखवत होता.

वाइन नाशिकची. रंग गर्द, ग्लास उजेडात धरला तरी पलीकडचं बोट दिसेना. आधी पिकलं जांभूळ, मग करवंद, मग थोडा धूर. ग्लास पुन्हा फिरवला आणि ती आली. खात्री करावी म्हणून पोफळीवरच्या आमच्याच मिरवेलीची, अंगणात वाळवलेली चार मिरी खलबत्त्यात जाडसर कुटली, वाटीत घेतली आणि आळीपाळीने वाटी नि ग्लास हुंगत बसलो. काकांना काही न सांगता ग्लास पुढे केला. त्यांनी हुंगला आणि म्हणाले, "ह्येका मिऱ्यांचो वास येता मरे!" चाळीस वर्षं मिरी काढणारं नाक आहे ते. मला त्याहून मोठा दाखला नको.

हा नुसता भास नाही. दोन्हींत रोटंडोन नावाचं एकच द्रव्य असतं. शिराझमधला मिरीचा वास त्याचा आहे हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. ते द्राक्षाच्या सालीत असतं आणि थंड हवेतल्या मळ्यांत जास्त साठतं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. तेव्हा कुणाला मिरी सापडत नसेल तर वाइनला किंवा स्वतःला बोल लावू नका.

नावामुळे बरेच जण हे द्राक्ष इराणच्या शिराझ शहरातून आलं असं मानतात. १९९८ च्या डीएनए तपासणीत उलगडा झाला: आई माँद्यूज ब्लाँश, बाप द्युरेझा, दोन्ही आग्नेय फ्रान्सच्या द्राक्षजाती. तिथे, ऱ्होन नदीच्या काठी, त्याला सिरा म्हणतात. १८३२ मध्ये जेम्स बस्बी नावाच्या द्राक्षतज्ज्ञाने वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या आणि पुढे तिकडे शिराझ हे नाव रुळलं. नाशिककडे याच वेलींची एप्रिलमध्ये नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी होते आणि तोडणी ऐन थंडीत सुरू होते.

आता जेवण. मार्गशीर्षातला गुरुवार गेल्यावरच बेत केला होता. सुकं मटण, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, वर भरड मिरी. मालवणी मसाला नेहमीच्या निम्मा, कारण अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. तिसऱ्या बाटलीला ते चांगलंच भोगलंय. पहिल्या घोटाला जीभ तुरट झाली होती. मटणाचा चरबीदार तुकडा चावून पुन्हा घोट घेतला तर तो तुरटपणा गेला कुठे कळेना. टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, जिभेवरच्या लाळेऐवजी मटणातल्या प्रथिनांना धरतं, म्हणून वाइन मऊ लागते. काळं होईस्तोवर भाजलेलं खोबरं आणि वाइनमधला धूर इतके जुळले की सौ. म्हणाली, "अहो, वाटणाला आज काय वेगळं लावलंय का मी?"

बांगड्याच्या तिखल्याबरोबर मात्र अजिबात नको. एकाच घोटात तोंडात लोखंडाची चव आणि शिळ्या मासळीचा दर्प. बांगडा सकाळचा होता, दोष त्याचा नव्हता. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळलं की असं होतं.

सोलकढीही जेवण संपेपर्यंत बाजूला ठेवा. कोकमाच्या आंबटापुढे वाइन पाणचट लागते.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आहे. उद्या काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. वाटण तेच, मटणाची चरबी नाही; तुरटपणा तेवढाच उतरतो का ते बघायचंय. सातवी बाटली ऱ्होनची, पुण्याहून भाऊ घेऊन येतोय. तिच्यासाठी मिरीची ताजी वाळवण राखून ठेवली आहे.