वार एक की दोन?

मंगळवार, रात्री ११

धाकट्या बहिणीचं लेझर आज झालं. पोटात जुळी, दोघांत मिळून एकच वार (बाळाला आईकडून रक्त पोचवणारा, नाळ जोडलेला अवयव). विसावा आठवडा चालू आहे. सकाळी आत नेलं, तासाभराने बाहेर आणलं. कमरेतलं इंजेक्शन होतं, पूर्ण भूल नव्हती, त्यामुळे स्क्रीनवर तिने सगळं पाहिलं. "ताई, वारेवरच्या रक्तवाहिन्या अगदी नकाशातल्या नद्यांसारख्या दिसतात गं," म्हणाली. पोटावर टाचणीएवढी जखम, बाकी काही नाही. आत गेलेली दुर्बीण दोन-तीन मिलिमीटरची. बाळांना हात लावायचा नाही, फक्त त्यांच्या वारेवरचे जोड जाळून बंद करायचे.

एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत असे जोड जवळजवळ नेहमीच असतात. बहुतेकींमध्ये रक्ताची ये-जा बरोबरीची राहते, पण शंभरातल्या दहा-पंधरा जणींत तोल जातो, एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. देणाऱ्या बाळाची लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो, त्याच्या पिशवीत पाणी वाढत जातं. आमच्या रिपोर्टात एका पिशवीत पाण्याची खोली ११ सेंटीमीटर, दुसरीत जेमतेम १. लहानगं पडद्यात गुंडाळल्यासारखं भिंतीला चिकटलेलं, मूत्राशय दिसतच नव्हतं. म्हणजे या आजाराची स्टेज दोन.

पूर्वी वाढलेलं पाणी सुईने काढत. ते पुन्हा भरायचं, कारण जोड तसेच राहायचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत किमान एक बाळ वाचण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के निघालं, पाणी काढून ५६. किमान एक! दोन्हींची हमी डॉक्टरांनी दिली नाही. खोटा धीर दिला नाही म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

राग आहे तो तिसऱ्या महिन्यातल्या रिपोर्टाचा. 'जुळी, दोन्ही ठोके व्यवस्थित', बस्स. वार एक की दोन, एक अक्षर नाही. हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सर्वांत स्पष्ट दिसतं, नंतर ओळखणं अवघड होत जातं. आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं: वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी. नशीब, पुढच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

घरच्यांचा पहिला प्रश्न अर्थात वेगळा. मुलगा की मुलगी हे कायद्याने कोणी सांगत नाही हे माहीत असूनही आत्याबाईंचं आपलं चालूच, एक मुलगा एक मुलगी होऊ दे. आता त्यांना कोण सांगणार की एका वारेची जुळी जवळजवळ नेहमी दोन्ही मुलगे नाहीतर दोन्ही मुलीच!

उद्या सकाळी पुन्हा सोनोग्राफी. पाणी लवकर फुटण्याची भीती आहे, आणि सगळं नीट झालं तरी बाळंतपण नवव्या महिन्यापर्यंत जाईलच असं नाही. आत्याबाईंना फोन करून सांगितलं, डोहाळजेवणाचा हॉल सध्या बुक करू नका. नाराज झाल्या. होऊ देत.