मेयोचं अर्लपद: वारसतक्ता आडव्या फांद्यांसह पूर्ण

मेयोचं अर्लपद हा आयर्लंडमधला वंशपरंपरागत सरदारी किताब. तो धारण करणाऱ्या बुर्क घराण्याच्या तक्त्यात मेयोचे अकराही अर्ल आता बसले. पहिले जॉन बुर्क एकेक पायरी चढत १७७६ मध्ये बॅरन नास, १७८१ मध्ये व्हायकाउंट मेयो आणि १७८५ मध्ये अर्ल झाले.

पहिल्यापासून अकराव्यापर्यंत किताब दहा वेळा हस्तांतरित झाला. त्यात सहा वेळा बापाकडून मुलाकडे, चार वेळा आडवा, म्हणजे भाऊ, पुतण्या किंवा चुलतभावाकडे. दुसरे अर्ल १७९२ मध्ये निपुत्रिक वारले, मग भाऊ जोसेफ डीन, तुआमचे आर्चबिशप. १८४९ मध्ये पुतण्या रॉबर्ट, १९२७ मध्ये चुलतभाऊ वॉल्टर, १९६२ मध्ये पुन्हा पुतण्या, टेरेन्स. म्हणून नुसते अर्ल एकाखाली एक मांडले की तक्ता चुकलाच. वॉटरफर्डचे बिशप रिचर्ड, पाद्री जॉर्ज विंगफील्ड आणि ब्रायन हे तिघे कधीच अर्ल झाले नाहीत, पण पाचवे, आठवे आणि दहावे अर्ल अनुक्रमे त्यांचेच मुलगे. त्यांना क्रमांक न देता चौकट द्यावी आणि मृत्यूचं वर्ष हमखास लिहावं. किताबधारकाच्या आधी ते गेले, म्हणून हक्क थेट मुलाकडे उतरला.

सगळ्यात जास्त घोळ व्हायकाउंटपदात होतो. १६२७ चे व्हायकाउंट मेयो, म्हणजे प्रसिद्ध आयरिश दर्यावर्दी सरदारीण ग्रेस ओमॅली हिचा मुलगा टिबट, ही त्याच नावाच्या किताबाची वेगळी निर्मिती. तिची रांग १७६७ मध्ये थांबली. १७८१ ची निर्मिती नवी, तिचे क्रमांक पुन्हा एकपासून. दोन्ही रांगा जोडू नयेत.

सहावे अर्ल रिचर्ड साउथवेल शोधताना नावाकडे लक्ष द्यावं. वडील हयात असताना, १८४९ ते ऑगस्ट १८६७, ते ‘लॉर्ड नास’ या सौजन्य किताबानं (अर्लच्या थोरल्या मुलाला रिवाजानं मिळणाऱ्या नावानं) ओळखले जात आणि हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसत. १८५२ मध्ये आयर्लंडचे चीफ सेक्रेटरी झाले तेही याच नावानं. त्या काळच्या कागदांत ‘मेयो’ शोधलं तर त्यांचे वडील सापडतात किंवा कुणीच सापडत नाही. हेच पुढे १८६९ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदीच्या हातून मारले गेले. अजमेरच्या मेयो कॉलेजला नाव त्यांचंच.

ठिकाणांच्या रकान्यात किताब मेयो परगण्याचा असला तरी घर किल्डेअरमधलं, नासजवळचं पामर्सटाउन लिहावं. १९२३ च्या जानेवारीत, आयरिश यादवीत, सातव्या अर्लचं हे घर जाळलं गेलं. ते तेव्हा आयरिश फ्री स्टेटच्या, म्हणजे नव्या आयरिश राज्याच्या, सेनेटमध्ये होते.

पुढचं काम धाकट्या शाखांचं: पाचव्या अर्लच्या उरलेल्या मुलांच्या पुरुषफांद्या, मृत्युवर्षांसकट.