तुम्ही विचारलंत म्हणून: घुबडं का हाकलली नाहीत

सासरे अंथरुणावर असताना घरात घुबडं होती, ती तुम्ही हाकलली का नाहीत? हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, पालकसभेला आलेल्या आयाही मुलाचे मार्क बाजूला ठेवून विचारतात. विचारणाऱ्यांना बाकी सगळं ठाऊक असतं. आबांना गणपतीत अर्धांगवायू झाला, माडीवर कापसाच्या खोलीत घुबडांनी पिल्लं काढली, मार्गशीर्षात आबा गेले. या तिन्हींची गाठ माझ्या हातून मारून हवी असते, एवढंच.

आजवर मी विज्ञानाच्या बाईंचं उत्तर देत आले. ही गव्हाणी घुबडं. एकेक घुबड रात्रीत तीन-चार उंदीर सहज फस्त करतं, आणि घरात पिल्लं असली की त्याहून जास्त मारून आणतं. कापूस नि धान्य भरलेल्या घराला याहून चांगला राखणदार मिळायचा नाही. इस्राएलमध्ये शेतकरी मुद्दाम लाकडी पेट्या लावून यांना शेतात बोलावतात, आणि आपल्याकडे ते आपणहून आलं तर आपण काठी शोधतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, घुबडाला हात लावणं गुन्हा आहे. हे सगळं खरं आहे. पण घुबडं राहिली ती यामुळे नाही, आणि हे मला ठाऊक असूनही मी तेच उत्तर देत राहिले, कारण ते ऐकून लोक गप्प होतात.

आबांशी माझं बोलणं फारसं नव्हतंच. सून म्हणून डोक्यावर पदर, चहाचा कप, 'जेवायला वाढलंय' एवढाच व्यवहार. आजारपणात मात्र रात्री जागायची पाळी माझ्यावर आली, कारण ह्यांना पहाटे केळीला पाणी सोडायला जावं लागे. आबांना झोप नसायची. वर पिल्लं रात्रभर फुसफुसत, कुणी म्हातारं घोरत असावं तसा आवाज धाब्याच्या छतातून खाली यायचा. बोलायचं तरी काय, म्हणून मी घुबडांचंच सांगायला लागले. घुबडाचे डोळे गोल नसतात, नळीसारखे असतात आणि खोबणीत पक्के बसलेले असतात, म्हणून त्याला बघायला अख्खी मान वळवावी लागते. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. मान २७० अंशांपर्यंत फिरते. गव्हाणीचा एक कान वर, एक खाली असतो. आवाज दोन्ही कानांत एकसारखा पोचत नाही, त्या फरकावरून त्याला मिट्ट काळोखातही उंदीर नेमका कुठे आहे ते कळतं. पिसाच्या कडेला बारीक दातरे असतात, म्हणून उडताना पंखांचा आवाज होत नाही. अंडी एकाच दिवशी उबत नाहीत, म्हणून पिल्लांत एक थोरलं, एक मधलं, एक अगदी एवढंसं. या शेवटच्या गोष्टीवर आबा वाकड्या तोंडाने हसले होते. त्यांची भावंडं पुष्कळ होती.

मग घुबडं संपली आणि मी इतर पाखरांवर आले. त्याच दिवाळीच्या सुमाराला, २०२२ साली, बातमी आली होती. गॉडविट नावाच्या पाणपक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत टास्मानियाला पोचलं. १३,५६० किलोमीटर. आबांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि अडखळत विचारलं, "पानी कोठे पिनं व ते?"

आयुष्यभर कोरडवाहू केलेला माणूस दुसरं काय विचारणार! माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सांगितलं, की निघण्याआधी ते एवढी चरबी साठवतं की निम्म्याहून जास्त वजन चरबीचंच होतं, ओझं नको म्हणून आतडी आकसून घेतं, आणि ती चरबी अंगात जळते तेव्हा तिच्यातूनच पाणी तयार होतं. आबा म्हणाले, "हुशार शे."

दिवाळीत एक जण दारात आला. दोन दिवस आधी हाच माणूस ओट्यावर बसून घुबड अभद्र म्हणत होता. आता हळूच म्हणाला, जिवंत द्याल तर पैसे मिळतील, अमावास्येला लागतं. ह्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. आमच्या घरात लक्ष्मीपूजनाला भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या पायाशी घुबड होतं, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, नंतर आलं.

गल्लीतल्या पोरांनी दगड उचलले तेव्हा मी काय केलं, तेही सांगून टाकते. कायदा सांगितला नाही. म्हटलं, घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं, नदीत घासतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. पोरांनी दगड खाली टाकले. नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या मी मला त्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं असतं. तिला मी एवढंच विचारीन की तुझ्या तक्त्यांनी आणि भाषणांनी किती दगड खाली पडले? तिच्याकडेही उत्तर असणार. ती म्हणेल, आज घुबडासाठी घातलेली भीती उद्या दुसऱ्या कुणाच्या मुळावर येईल. येईलही.

नणंदबाईंचा राग वेगळाच. माझं माहेर शहाद्याकडचं, त्यामुळे "घुबडाच्या गावचीच ती" असं त्या चारचौघांत म्हणतात. हा टोमणा मी मानाने घेते. रानपिंगळा हे छोटं घुबड, १८८४ नंतर कुणालाच सापडलं नव्हतं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात मेलेले नमुने, बस्स. मधे मायनरट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ ला गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती चिठ्ठी बाजूला ठेवून पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षितज्ज्ञ आणि तिचे सोबती जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, शहादा धुळ्यात होतं. मी शाळेत होते आणि मला यातलं काही कळलं नाही. आमच्या रानातली माणसं तो रोज बघत असणार, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आबा गेले त्या रात्री धाब्यावर घुबड ओरडलं. गव्हाणी घूत्कार करत नाही, किंचाळते, कापड टर्रकन फाटावं तशी. घरातले सगळे दिवे लागले होते, दारं उघडी, अंगणात माणसं. पिल्लांसाठी येणारं घुबड बिथरणारच. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. माझ्या अंगावर काटा आला तोही त्याच क्षणी.

दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवले आणि कावळे आलेच नाहीत. आले ते समोरच्या निंबावर बसून राहिले. ऊन चढायला लागलं. ह्यांनी हात जोडून सांगितलं, आबा, आईला काही कमी पडू देणार नाही. कावळा हलला नाही. दिरांनी बोअरच्या कर्जाचं सांगितलं. जावईबापूंनी धाकट्याच्या लग्नाचं सांगितलं. भटजींनी दर्भाच्या काड्या काढून ठेवल्या, दर्भाचा कावळा करावा लागेल म्हणून. मागून नणंदबाई बोलल्याच, "घरात घुबड बसलंय, कावळा शिवेल कसा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा जे सुचलं ते आज सांगायला अवघड जातं. कावळा आणि घुबड यांचं वैर खरंच आहे. दिवसा घुबड दिसलं की कावळे जमून त्याला हैराण करतात. म्हणजे ताईंच्या बोलण्याला निदान पक्षिशास्त्राचा आधार होता. आणि सिएटलमध्ये मुखवटे घालून कावळे पकडले, तर पुढे कित्येक वर्षं कावळे त्या मुखवट्याला ओळखून ओरडत राहिले, हेही आठवलं. म्हणजे ज्या पाखरापुढे आम्ही उभे होतो ते चेहरे ओळखणारं पाखरू होतं. हे सगळं डोक्यात चालू असताना माझेही हात जोडलेले होते.

बायका मागे थांबल्या होत्या. सासूबाई चालत पुढे गेल्या, पिंडांपासून जरा अलीकडे थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या पाखरेसले कोनी हात लावणार नही. आते जेवा."

कावळा शिवला. लगेच नाही. मधे दिरांनी कर्जाचं पुन्हा एकदा सांगितलं, भटजी जरा लांब सरकले, माणसं सावलीला गेली. कोणत्या वचनाने शिवला यावर घरात अजून एकमत नाही. दीर म्हणतात कर्जाच्या. माझ्यातली विज्ञानाची बाई म्हणते, माणसं मागे सरली म्हणून. सासूबाईंना विचारायची कुणाची छाती नाही. पण त्या दिवसापासून माडीवरच्या खोलीला कुणी हात लावलेला नाही, आणि यात माझ्या विज्ञानाचा वाटा शून्य आहे. तुम्हाला खरं उत्तर हवं होतं ना? घुबडं कावळ्यामुळे राहिली. मला हे आवडत नाही. बदलायचीही इच्छा नाही.

आता धाबं गळतं म्हणून ते उतरवून स्लॅब टाकायचा आहे. सासूबाई म्हणाल्या, आधी त्यांची सोय करा. मी खळ्यातल्या निंबावर लाकडी पेटी लावायची ठरवली आहे; गव्हाणी घुबडं पेटीत राहतात, आमची राहतील की नाही ते तीच ठरवतील. परवा नणंदबाई आल्या होत्या. पेटीचं माप बघून म्हणाल्या, "हे विज्ञान म्हणून, की आबांना वचन दिलं म्हणून?" मी म्हटलं, सुतार मंगळवारी येणार आहे, तुम्ही थांबताय का तोपर्यंत? त्या थांबल्या आहेत.