शिळफाट्याहून मुरबाड: जुना तव्यांचा नांगर आणताना

जुना तव्यांचा नांगर, म्हणजे फाळाऐवजी फिरत्या लोखंडी तबकड्यांचा डिस्क प्लाऊ, घ्यायचा म्हटलं की लोक नाशिक-नगरची वाट धरतात. आम्ही धरली नाही. कारण साधं आहे. जुनं लोखंड शेवटी जिथं येऊन पडतं ती ठिकाणं ठाणेकरांच्या दारातच आहेत. शिळ-डायघर, कल्याण फाटा, दहिसर मोरी या पट्ट्यात भंगाराची गोदामं आहेत, आणि पलीकडे तळोजा, कळंबोली. वितळवण्यासाठी आलेल्या मालात चांगलं अवजार निघतं. फक्त ते चांगलं आहे हे आपल्याला कळायला हवं, विकणाऱ्याला त्याची फिकीर नसते.

मामाची जमीन मुरबाडच्या पुढे. खाली भाताची खाचरं, वर वरकस माळ, म्हणजे भात न होणारी चढाची जमीन. माळावर भेंडी-काकडी करायची होती, पण तिथं गोटे आणि तोडलेल्या झाडांची मुळं. पलटी नांगराचा फाळ मुळाला अडकला की एकतर पिन तुटते नाहीतर फाळ. तवा फिरता असतो, तो अडथळ्यावरून लोळून पुढे जातो. म्हणून असल्या जमिनीला तवा. मामाकडे जुना महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर आहे, कांदिवलीत बनलेला, पस्तीस हॉर्सपॉवरचा. या ताकदीला दोन तवे पुरे. तीन तव्यांचा नांगर साडेतीनशे किलोच्या घरात जातो. तो उचलला की जुन्या ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि बांध चढताना पुढची चाकं जमीन सोडतात.

सकाळी लवकर निघा. साडेनऊनंतर मुंब्रा बायपास आणि शिळफाटा दोन्हीकडे गाडी हलत नाही. शनिवार टाळा, त्या दिवशी गोदामांत गाड्या भरायची घाई असते आणि कुणी धड बोलत नाही. नवी मुंबईकडून येणाऱ्यांना महापे-शिळ रस्ता बरा.

पहिल्या दोन-तीन गोदामांत तव्यांचा कुळवच दाखवला. ‘यही है सेठ, डिस्कवाला.’ फरक लांबूनही दिसतो. कुळवाचे तवे एकाच दांड्यावर ओवलेले असतात आणि सगळे मिळून फिरतात. नांगराचा प्रत्येक तवा आपापल्या हबवर, म्हणजे ज्यावर तो फिरतो त्या मधल्या तुंब्यावर, आपापल्या बेअरिंगवर, आणि मागे तिरकं लोखंडी चाक. कुळव ढेकळं फोडायला चांगला, पण न नांगरलेल्या माळावर त्याचा उपयोग नाही.

एका गोदामात मागे ओढून न्यायचा जुना नांगर होता, मोठ्या लोखंडी चाकांचा, दोरी ओढली की तवे वर उचलले जाणारा. दिसायला देखणा. मामा त्याच्याभोवती दोनदा फिरून आला. पण असला नांगर वळवायला जागा फार लागते, आणि आपल्याकडच्या तुकड्यांत त्याला वळताच येणार नाही. शिवाय अशा नांगरांना आता फार्महाउसवाले गिऱ्हाईक भेटतात. रंग मारून फाटकाशी उभा करायचा, बाजूला बोगनवेल. त्यामुळे भाव शेतकऱ्याच्या हिशेबाचा राहत नाही.

आपल्याला हवा तो तीन ठिकाणी जोडायचा, हायड्रॉलिकने उचलला जाणारा. तो एका गोदामाच्या मागच्या भिंतीला पत्र्यांखाली सापडला. निळा रंग, तोही अलीकडेच मारलेला. ताजा रंग दिसला की मी आधी रंग सोडून बाकी सगळं बघतो.

बहुतेक लोक तवे बघतात आणि तिथंच फसतात. तवे झिजणारच, ते नवे मिळतात. पैसे हब आणि फ्रेमचे असतात. नांगर एका बाजूने उचलायला लावून तवा अधांतरी करा. वरच्या आणि खालच्या काठाला हात घालून पुढे-मागे हलवा. डगडग हाताला लागते. थोडी असेल तर नट आवळून जाते, कारण आत निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात आणि ती आवळता येतात. मग तवा हाताने फिरवा आणि कान जवळ न्या. आतून वाळू दळल्यासारखा आवाज आला तर सील गेलंय, माती आत शिरलीय आणि बेअरिंग संपलंय. एवढं चालतं, बदलता येतं. पण डगडग मोठी असेल आणि हबच्या तोंडाशी लोखंड चमकत असेल, तर बेअरिंगची बैठकच खाल्ली गेलीय. तिथं हात जोडून निघा. आमच्या नांगराचा पुढचा हब आवाज करत होता, मागचा ठीक होता.

फ्रेमसाठी खिशात सुतळी ठेवा. पहिल्या तव्याच्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत ताणून धरली की वाक लगेच दिसतो. वेल्डिंगचे सांधे बोटाने चाचपा, विशेषतः खांब जिथं फ्रेमला बसतो तिथं. जुना जोड आणि वर चढवलेला नवा जोड यांचा स्पर्श वेगळा लागतो, रंगाखालूनसुद्धा. ट्रॅक्टरला जोडायच्या पिना मोजा. लहान ट्रॅक्टरला खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, मोठ्याला २८ च्या. न जुळल्या तर बूश घालता येतो, त्यावरून सौदा मोडू नका. पण पीन एका बाजूने झिजून अंडाकृती झाली असेल तर ती बदलायचा खर्च भावातून कापून घ्या.

मागच्या चाकाकडे कुणी बघत नाही आणि नांगर त्याच्यावरच सरळ चालतो. तवे माती उजवीकडे फेकतात, त्याचा आडवा दाब हे चाक तासाच्या, म्हणजे नांगराने पाडलेल्या चराच्या, भिंतीला टेकून घेतं. ते जाम असेल तर नांगर बाजूला सरकतो आणि ट्रॅक्टरवाला दिवसभर स्टिअरिंगशी भांडतो. चाक फिरतंय का, त्याची स्प्रिंग जिवंत आहे का, कडा शाबूत आहे का, हे बघा.

आता तवे. टेप लावा. नवा तवा बहुधा सव्वीस इंचांचा, आमचा चोवीसच्या आसपास भरला. तवा स्वतःच्या व्यासाच्या साधारण एक-तृतीयांश खोल जाऊ शकतो, म्हणजे झिजला तशी खोलीही घटते. हातोडीने हलकेच ठोका. अखंड तवा वाजतो, तडा गेलेला बद्द बोलतो. तडे बहुधा बोल्टाच्या भोकांपासून निघतात. तड्याला वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, तापवलेल्या जागी तव्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि तो पुन्हा तिथंच तुटतो.

भाव बावीस हजारांपासून सुरू झाला. ‘सेठ, लोहा देखो, अब ऐसा लोहा आता है क्या?’ लोखंड खरंच चांगलं होतं, पण त्याला तसं सांगायची गरज नाही. आम्ही आधी काट्यावर वजन करायला लावलं. किलो गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा भाव हा तळ, त्याखाली तो येणार नाही. त्यावर किती द्यायचं ते हब आणि फ्रेम बघून ठरवायचं. पुढच्या हबचा आवाज त्याला ऐकवला, सोळा हजारांत तुटलं. पावती घ्याच, वर्णन आणि वजन लिहून. भंगारात चोरीचाही माल फिरतो.

भरायला गोदामात हायड्रा, म्हणजे क्रेन, होती. छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, दोन तव्यांचा नांगर तिरका बसतो. तव्यांच्या कडांना गोणपाट आणि जुने टायर बांधा, नाहीतर पत्रा कापतो. साखळीने बांधा, सुती दोर कडेवर तुटतो. शिळफाटा, कटाई, पत्रीपूल, शहाड, मग मुरबाड रस्ता. गोवेलीला चहा घेतला, ठीकठाक.

गावात हायड्रा नसते, हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही टेम्पो मागे घेत उंच बांधाला लावला, हौद्याची पातळी बांधाशी जुळली, फळ्या टाकल्या आणि नांगर सरकवत बांधावर घेतला. तिथून ट्रॅक्टरने उचलला. चार माणसं लागतात, आणि पाय तव्यापुढे ठेवायचे नाहीत.

पुढचा हब खोलला तर आत काळं पीठ होतं. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो, तोच घेऊन जा. कल्याणला नाही मिळालं तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. सील दोन्ही हबांची बदला, एकाचं करून दुसरं ठेवू नका. नट आवळताना तवा जड फिरेपर्यंत आवळायचा, मग किंचित सैल करून फाटापीन घालायची. ग्रीस जुनं बाहेर येईपर्यंत भरायचं. आमचा ग्रीस भरायचा एक निप्पल मातीने बुजला होता, तो लेथवाल्याने मिनिटात बदलून दिला.

पहिल्या तासाला नांगर वाकडा दिसला म्हणून घाबरू नका. ट्रॅक्टरची दोन्ही चाकं वर असतात तेव्हा तास उथळच काढायचं. दुसऱ्या फेरीत उजवं चाक तासात उतरलं की नांगर उचलणाऱ्या उजव्या लिफ्ट रॉडची मूठ फिरवून फ्रेम जमिनीशी सपाट करायची. तव्यांचे कोन खांबावरच्या भोकांनी बदलतात. चालण्याच्या दिशेशी बेचाळीस ते पंचेचाळीस अंश, उभ्यातून मागे कलणं पंधरा ते पंचवीस. आधीच्या मालकाने जे ठेवलंय त्यावरच एक फेरी मारून बघा, लगेच पाने-स्पॅनर काढू नका. नांगर जात नसेल तर फ्रेमवर वजन बांधा, कारण तवा फाळासारखा स्वतः जमिनीत ओढला जात नाही, तो वजनाने घुसतो. ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरला, माणूस भरभर चालतो तेवढाच वेग. जमिनीला वाफसा हवा, म्हणजे ओल हवी पण चिखल नको. कोरड्या माळावर मामाने हट्टाने एक फेरी मारून बघितली, तवे नुसते खरवडत गेले.

खाचरात हा नांगर घालू नका. मामाचा शेजारी दुसऱ्याच दिवशी मागायला आला, त्याला हेच सांगितलं. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाचराच्या तळाशी जो कडक थर बसतो तोच पाणी धरून ठेवतो. आठ इंच खोल तवा फिरवला की तो फुटतो आणि लावणीनंतर पाणी खाली निघून जातं. शिवाय तवे माती एकाच बाजूला फेकतात, खाचराची पातळी बिघडते. त्यासाठी रोटाव्हेटर भाड्याने आणा. ज्यांच्याकडे फक्त खाचरं आहेत त्यांनी या नांगराच्या वाटेलाच जाऊ नये.

आणि वरकस असेल, घ्यायचाच असेल, तर वालाचं पीक निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये निघा. गोदामात माल बघायला उजेड असतो, दुरुस्तीला हाताशी महिने राहतात. जुलैत उल्हासला पूर आला की रायत्याचा पूल बंद होतो आणि टेम्पोवाला थांबल्याचे पैसे लावतो.