मोतीचा डबा, ऑगस्ट अपडेट: खडूचं कोडं सुटलं

सापडलं एकदाचं! दीड महिना ज्याच्या मागे होते ते काल रात्री सापडलं.

मागच्या वेळी लिहिलेलं की मोतीला (पॉमेरेनियन कुत्रा, 12 वर्षं, 4.1 किलो, खाणं घरीच शिजवते) शी करताना कुंथावं लागतंय. ते वाढतच गेलं. सकाळी पावसात छत्री धरून मी उभी आणि तो अंगणात पाठ वाकवून पाच-पाच मिनिटं गोल फिरतोय, शेवटी सुपारीएवढे दोन कडक तुकडे. बघवत नव्हतं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, गुदग्रंथी रिकाम्या केल्या, अडकलेलं काही नाही म्हणाले. मग मी भोपळा 40 ग्रॅमवरून 70 वर नेला, भातात जास्त पाणी घातलं, इसबगोल दिलं, पावसात तो पाणी कमी पितो म्हणून चिकनचं बिनमिठाचं पाणी वेगळं ठेवलं. ढिम्म फरक नाही.

काल अंगण झाडताना पागोळीच्या आत पडलेला एक जुना तुकडा दिसला, वाळून पांढरा फटक पडलेला. काडीने दाबला तर खडूसारखा भुगा झाला. कॅल्शियम जास्त झालं की शी अशीच कडक, खडूसारखी होते. तिथेच डोक्यात प्रकाश पडला, कॅल्शियमसाठी जेवणात घालते ती अंड्याची टरफलं!

झालं होतं असं. 1 जूनला मासेमारी बंदी लागली की आमच्या थिवीत तारले मिळणं मुश्कील, मिळाले तर भाव विचारायची सोय नाही. तोवर मोतीला आठवड्यातून तीनदा तारले, कुकरला काट्यासकट इतके शिजवलेले की काटा बोटांनी चुरडावा. ते बंद झाले, सगळं चिकनवर आलं, म्हणून काट्यांचं कॅल्शियम भरून काढायला मी टरफलाची पावडर वाढवली, आणि त्याच आठवड्यात मापाचा पाव चमचा हरवला म्हणून घरातल्या स्टीलच्या चमच्याने 'अर्ध्याला थोडी कमी' घालू लागले. त्यात नवीन ग्राइंडर. खलबत्त्यातली पावडर भरड असायची, ही मैद्यासारखी, तेवढ्याच चमच्यात जास्त बसते.

रात्री मोजली. 3.4 ग्रॅम!

आता हिशेब बघा. विश्रांतीची ऊर्जा (नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागते ती) म्हणजे 70 गुणिले वजनाचा 0.75 घात, 4.1 किलोला साधारण 200 कॅलरी, नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मी 1.4 ने गुणते, म्हणजे 280. आफ्कोच्या (पशुखाद्याची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संघटना) तक्त्यात पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला 1000 कॅलरीमागे किमान 1.25 ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे मोतीला दिवसाला 0.35 ग्रॅम. टरफलात साधारण 38 टक्के कॅल्शियम, तेव्हा पावडर लागते 0.9 ग्रॅम. मी जवळजवळ चौपट देत होते. 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला दोन-अडीच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही, पण चार किलोच्या जिवाला तेवढ्याने सगळं पोट बसतं. लहान जातीचं खाणं घरी करणाऱ्यांनी हे कोरून ठेवा.

किचनचा काटा इथे उपयोगाचा नाही, तो 1 ग्रॅमखाली बोलतच नाही. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमचा छोटा काटा ऑनलाइन मागवला होता तो आत्ता कामी आला, माझ्या मते महागड्या सप्लिमेंटच्या आधी हा घ्या. बोनमील (हाडांची पावडर) मी मुद्दाम देत नाही, त्यात फॉस्फरसही येतो आणि या वयात किडनीवर ते ओझं नको. टरफलात फॉस्फरस नावालाच.

छोटीचं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या पिल्लाचं सांगायचं तर ती पाच महिन्यांची, 1.6 किलो, दिवसाला 200 कॅलरीच्या आसपास, चारवरून तीन जेवणांवर आली आणि सकाळी सुस्त पडत नाही! पहिले तीन महिने रक्तातली साखर उतरेल या भीतीने मी रात्री अकराला उठून भरवायचे, ते संपलं. तिला अजून पिल्लांचंच तयार खाणं. वाढीच्या वयात 1000 कॅलरीमागे किमान 3 ग्रॅम कॅल्शियम लागतं, मोतीच्या दुपटीहून जास्त, ते घरी जमवायला मी धजत नाही. आणि त्या खाण्यात ते आधीच घातलेलं असतं, वर कॅल्शियमचं सिरप कृपा करून ओतू नका. उघड्या पोत्यातलं सुटं किबल (कोरडं दाणेदार तयार खाणं) तर पावसाळ्यात घेऊच नका, एका दुकानातून आणलेलं खवट निघालं, सगळं फेकलं.

मोतीचं आजपासून: 90 ग्रॅम शिजवलेलं चिकन, 70 ग्रॅम उकड्या तांदळाचा भात, 40 ग्रॅम भोपळा, 5 ग्रॅम कलेजी, अर्धा छोटा चमचा तेल, डॉक्टरांनी दिलेली व्हिटॅमिनची पावडर आणि टरफल रोज 0.9 मोजून.

थांबा, लिहिता लिहिताच सुचलं, रोज 0.9 कशाला मोजायचं? आठवड्याचं एकदम शिजवून त्यात 6.3 ग्रॅम कालवली तर चूक होण्याची शक्यताच कमी, मोठं वजन काटाही नीट दाखवतो. पण आमच्याकडे पावसात लाइट तासन्‌तास जाते, फ्रीझरचा भरवसा नाही. मग तीन दिवसांचं, 2.7 ग्रॅम. चिकन खिमा करून घेतलं तर पावडर सगळीकडे सारखी बसेल. हेच करते, रोज मोजायचं रद्द.

बंदी उठलीय, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तारले बघते. काट्यासकट शिजवलेल्या बॅचला पावडर किती कमी करायची, याचा हिशेब कोणी ग्रॅममध्ये करून ठेवलाय का? माझा तिथेच अडलाय.