१४ दिवसांचा सेन्सर आठव्या दिवशी का निघतो?

दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर स्वस्त नाही, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: १४ दिवसांचा २० दिवस चालवता येईल का? फ्रीस्टाइल लिब्रे या ब्रँडचा असेल तर नाही. फोन किंवा रीडर (आकडा दाखवणारं छोटं यंत्र) जवळ धरून पहिलं स्कॅन केलं, तो चालू केला की आतलं घड्याळ सुरू होतं, आणि १४ दिवस भरले की बंद. मुदत ओलांडायच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात. पण कातडीखाली गेलेल्या ५ मिलिमीटरच्या बारीक तारेवरचं, साखर ओळखणारं एन्झाइम हळूहळू मंदावतं, आकडा सरकत जातो. त्या आकड्यावर इन्सुलिनचे युनिट ठरवणाऱ्याने हा जुगार खेळू नये.

पैसे वाया जातात ते दुसरीकडेच. सेन्सर मुदतीआधी गळून पडतो, आणि पडलेला परत लावता येत नाही.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात अंग धड कोरडं राहत नाही, चिकोडी-अथणीकडे एप्रिल-मे महिन्यांत घाम थांबत नाही. दोन्हीकडे गोंद कडेपासून सुटतो. पण खरी गडबड बहुतेक वेळा लावतानाच झालेली असते. त्या दिवशी दंडाला खोबरेल नको. साध्या साबणाने धुवा. मऊपणा आणणारे साबण कातडीवर थर ठेवतात. केस असतील तर आदल्या दिवशी काढा. स्पिरिटने पुसल्यावर फुंकर न मारता मिनिटभर पूर्ण वाळू द्या. लावल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि कडेवरून बोट गोल फिरवा. जागा दंडाच्या मागची, मांसल. बाहेरच्या बाजूला लावला की दाराच्या चौकटीला, बसच्या दांड्याला नाहीतर झंपराच्या घट्ट बाहीला अडकतो. डोक्या-खांद्यावरून उसाची मोळी किंवा पोतं नेणाऱ्यांनी ओझं घेतात त्याच्या उलट्या हाताला लावावा.

वरून टेप लावायची ती पहिल्याच दिवशी. कड सुटल्यावर लावलेली टेप सेन्सरलाच ओढते. खेळाडू गुडघ्याला लावतात ती ५ सेंटिमीटर रुंदीची कापडी टेप पुरते. १० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी उचलतो), मध्ये भोक पाडा. सेन्सरच्या मधोमध बारीक छिद्र असतं, ते झाकायचं नाही. टेप न ताणता बसवा आणि तळव्याने घासून गरम करा. पुढे कड उचललीच तर तेवढीच कात्रीने कापा, उपटू नका. अंघोळ चालते, पण विहिरीत सूर मारणं नको: मर्यादा १ मीटर खोली आणि ३० मिनिटं.

कधी कधी चांगला चाललेला सेन्सर लोक 'बिघडला' म्हणून उपटून टाकतात. पहिल्या २४ तासांत आकडे डळमळीत असतात. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे रात्री शुगर खोटीच कमी दिसते, कूस बदलली की वर येते. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून ५ ते १५ मिनिटं मागे असतो. ताळा करायचा तर सकाळी उपाशीपोटी बोट टोचून करा, जेवणानंतर नको. मीटरवर १२० आणि सेन्सरवर १०५ हा बिघाड नव्हे. व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसाने आकडा खोटा चढतो. मात्र साखर उतरल्यासारखे हातपाय कापताहेत, घाम फुटलाय आणि सेन्सर ११० दाखवतोय, तर विश्वास बोटाच्या थेंबावर.

फोनमुळेही सेन्सर जातो. ज्या फोनने तो चालू केला, त्याच्याशीच बांधला जातो. ॲप काढलं किंवा फोन हरवला की उरलेले दिवस बहुधा गेले. वेगळा रीडर असेल तर आधी रीडरने चालू करा आणि पहिल्या तासाभरात फोनने स्कॅन करा, म्हणजे दोन्ही चालतात. जुन्या लिब्रेत दर ८ तासांच्या आत स्कॅन नसेल तर मधली नोंद पुसली जाते. सेन्सर आधीच बंद पडला तर फेकू नका. खोका, सिरियल नंबर आणि बिल घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे बदली मागा.

फक्त गोळ्यांवर असलेल्यांनी वर्षभर लावायची गरज बहुधा नसते. डॉक्टरांना विचारून वर्षात दोन-तीनदा लावा, पण ते १४ दिवस पूर्ण वापरा. पहिले चार दिवस नेहमीचं जेवण. पुढचे चार दिवस रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी. मग तीच भाकरी, पण जेवणानंतर १५ मिनिटं चालणं. एखाद्या दिवशी कुंदाही (बेळगावी मिठाई) खाऊन बघा, चमचाभरच. आलेख किती चढतो आणि किती वेळाने उतरतो ते लिहून ठेवा. तेरा दिवस नुसता आकडा बघून 'हं' म्हणणाऱ्याला सेन्सर महागच पडणार.

पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडाला. जुना काढताना मात्र खोबरेल हवंच: कडेला चोळून दहा मिनिटं थांबा, मग सावकाश सोलून काढा. कातडी लाल झाली असेल तर ती निवेपर्यंत तिथे काही लावू नका. पू किंवा सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा.