हत्तीच्या शेवटातला अर्धा गुण

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या हौशी बुद्धिबळ स्पर्धांत हमखास दिसणारा शेवट: दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याचं एक प्यादं जादा, आणि काळा मनानं आधीच हरलेला. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिदोरने १७७७ मध्येच इथली बरोबरी दाखवली आहे.

(अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ.) पांढरा: राजा डी५, प्यादं ई५, हत्ती बी७. काळा: राजा ई८, हत्ती ए६. काळ्याचा हत्ती सहाव्या ओळीवर असेपर्यंत पांढऱ्या राजाला तिथे शिरता येत नाही. म्हणून ए६, जी६, एच६ अशा नुसत्या वाट पाहणाऱ्या खेळ्या करायच्या. एफ६ वर मात्र नको, प्यादं मारेल. प्यादं ई६ वर आलं की त्याच क्षणी हत्ती ए१ वर. आता पांढऱ्या राजाला प्याद्यापुढे आडोसा उरत नाही, मागून शह देत राहा.

बहुतेक जण घाईत प्यादं सरकण्याआधीच हत्ती खाली नेतात. मग राजा सहाव्या ओळीवर येतो आणि प्याद्याच्या आड शहांपासून लपतो. तिथून डाव वाचवणं खूपच नाजूक होतं.

तीनदा तीच स्थिती येणार असेल, तर खेळी आधी नोंदपत्रकावर लिहा, पटावर करू नका. घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं मिळतात. बरोबरी तोंडी मागायची असेल, तर खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी, आणि एकदाच. दर खेळीला विचारणं हा समोरच्याला त्रास देणं धरलं जातं.